वाद मिटला, खिडक्या मात्र बंदच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी हवा पडली की पुण्यातील दवाखान्यांत सर्दी-खोकला आणि तापाच्या रुग्णांची रीघ लागते, आणि हात धुण्याच्या, सॅनिटायझर वापरण्याच्या सूचनांचे फलक पुन्हा झळकू लागतात. या सूचनांना माझा विरोध नाही. परंतु खोलीतल्या हवेविषयी त्यांत बहुधा अवाक्षरही नसते, याचा खेद वाटतो. वातानुकूलनाच्या क्षेत्रात उमेदीची वर्षे घालवलेला अभियंता या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

कोविड खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या जड थेंबांतून पसरतो की हवेत तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म कणांतून, हा वाद साथीच्या काळात रंगला होता. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत जाहीर केले. त्याआधीच, १० मार्चला, अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले होते आणि त्यांपैकी ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. इतके सगळे जण एकाच्या खोकल्यातील थेंब अंगावर उडून आजारी पडले, असे मानणे कठीण होते. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरॉव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन या शास्त्रज्ञांनी २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने हवेतील प्रसाराची दखल घेण्याचे जाहीर आवाहन केले, तरीही संघटनेची भूमिका बदलण्यास २०२१ चा एप्रिल उजाडला.

या दिरंगाईच्या मुळाशी एक आकडा होता. ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण जड असतो आणि एक-दोन मीटरच्या आत खाली पडतो, असे वैद्यकीय पुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली. प्रत्यक्षात ५ मायक्रॉनच्या कणाला दीड मीटर उंचीवरून स्थिर हवेत खाली यायला अर्धा तास लागतो. झटकन खाली पडतात ते १०० मायक्रॉनच्या आसपासचे थेंब, आणि हे विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने १९३४ सालीच मांडले होते. क्षयाचे जंतू फुप्फुसात खोलवर पोहोचण्यासाठी कण ५ मायक्रॉनहून लहान असावे लागतात, ही वेगळीच बाब पुढे हवेत तरंगण्याची मर्यादा म्हणून रूढ झाली आणि कोणी ती तपासली नाही.

हवेतील प्रसार नाकारणाऱ्यांचे आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. आजार हवेतून पसरत असता तर तो गोवराइतक्या वेगाने पसरला असता, हा त्यांतला प्रमुख आक्षेप. पण क्षय हवेतूनच पसरतो आणि तरीही गोवराच्या मानाने पुष्कळ संथपणे पसरतो. वेगावरून मार्ग ठरत नाही. हवेत जिवंत विषाणू सापडत नाही, असेही म्हटले गेले. पुढे फ्लोरिडातील एका रुग्णालयात रुग्णापासून ४.८ मीटर अंतरावरच्या हवेतही तो सापडला. मला खटकते ते हे, की हवेच्या बाजूकडे काटेकोर पुरावा मागणाऱ्यांनी थेंबांच्या बाजूकडे तसा पुरावा कधी मागितलाच नाही. संघटनेच्या तत्कालीन प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन, ज्यांचे वैद्यकीय शिक्षण आपल्या पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात) झाले, त्यांनी २०२२ मध्ये पद सोडताना हवेतील प्रसार संघटनेने आधीच स्वीकारायला हवा होता, असे मोकळेपणाने सांगितले.

आता आपल्या शहराकडे वळतो. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. मी पाहिलेल्या एका अभ्यासिकेत प्लायवूडच्या फळ्यांनी वेगळी केलेली टेबले कोपराला कोपर लागेल इतकी जवळ होती, खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवलेल्या होत्या आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून एक्झॉस्ट पंख्याच्या भोकावर पुठ्ठा ठोकलेला होता. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढून, थंड करून पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. अशा खोलीत एकाच्या श्वासातून निघालेले कण उदबत्तीच्या धुरासारखे कोपऱ्याकोपऱ्यांत पोहोचतात, आणि मधल्या त्या फळ्या त्यांना अडवू शकत नाहीत. गावाकडून आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेली ही मुले आहेत. परीक्षेच्या तोंडावर आलेले आजारपण त्यांचे अख्खे वर्ष वाया घालवू शकते.

हवा किती शिळी झाली आहे, हे मोजणे अवघड नाही. आपल्या उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून खोलीतले त्याचे प्रमाण पाहावे. मोकळ्या हवेत ते ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असते. दाटीच्या बंद खोलीत ते २,००० च्या पुढे जाणे नवलाचे नाही. खोलीत ८०० ते १,००० च्या आत ते राखता आले, तर ताजी हवा बऱ्यापैकी येते आहे असे समजावे. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये खिडक्या आणि एक्झॉस्ट पंख्यांविषयी सोप्या भाषेत मार्गदर्शन केले होते. साथ ओसरल्यावर ते विस्मरणात गेले.

म्हणून अशी विनंती आहे की, अभ्यासिका, शिकवणी वर्ग आणि दवाखान्यांची प्रतीक्षागृहे यांची तपासणी करताना अग्निशमनाच्या साधनांबरोबरच बाहेरची हवा आत येण्याची सोयही संबंधित यंत्रणेने पाहावी आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर सर्वांना दिसेल अशा जागी लावणे बंधनकारक करावे. तोवर अभ्यासिकाचालकांनी निदान तो पुठ्ठा काढून पंखा चालू करावा आणि एसी सुरू असतानाही समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे उघड्या ठेवाव्यात. विजेचे बिल थोडे वाढेल, पण शुल्कात त्याचा समावेश करता येईल.

आपला,
एक निवृत्त वातानुकूलन अभियंता,
सदाशिव पेठ, पुणे