आण्णांबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू चिडून विचारलंस, आण्णांच्या मरणाला जबाबदार कोण ते एकदा सांग, आणि मी गप्प बसलो. मर्दा, मला राग नाही असं समजू नकोस. तोंडानं सांगायला जमेना म्हणून लिहितोय.

एप्रिल २०२१ आठव, कोरोनाची दुसरी लाट. आण्णांचा ऑक्सिजन ८६ वर आला आणि हॉस्पिटलनं चिठ्ठी हातात दिली, सहा रेमडेसिव्हिर इंजेक्शनं आणा. कोल्हापुरातली लक्ष्मीपुरी, राजारामपुरी पालथी घातली, रात्री गाडी काढून सांगलीला गेलो, आईच्या पाटल्या मोडल्या, तेव्हा कुठं चार मिळाली. त्याच दिवसांत टीव्हीवर राज्याचे मंत्री म्हणत होते की केंद्र कंपन्यांना महाराष्ट्राला इंजेक्शन द्यायला अडवतंय, आणि केंद्राचे मंत्री म्हणत होते साफ खोटं. मी आयसीयूबाहेर जिन्यावर बसून ते मोबाइलवर बघायचो आणि खरं सांगतो, मला बरं वाटायचं, निदान शिवी घालायला कुणीतरी मिळत होतं.

आण्णा गेल्यावर मी वाचत बसलो. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलेलं की ॲडमिट पेशंटला हे इंजेक्शन देऊ नका, त्यानं जीव वाचतो असा पुरावा नाही. पुढं २०२२ ला त्यांनीच म्हटलं की आजार सौम्य आहे पण धोका जास्त आहे अशांना द्यायला हरकत नाही. म्हणजे ज्याच्यावरून सगळे एकमेकांच्या अंगावर जात होते ते औषध आण्णांना लागू पडलं असतं का हेच कुणाला ठाम माहीत नव्हतं. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होती, ती एकटीच म्हणाली, "दादा, खरं सांगू का, मलाही माहीत नाही, नातेवाईक मागतात म्हणून आम्ही लिहितो." त्या सगळ्या दिवसांत माझा विश्वास बसला तो तिच्यावर.

लशीचंही तसंच. कोविशील्डच्या दोन डोसांत आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८, मग मे महिन्यात १२ ते १६. सरकार म्हणालं अभ्यासावरून वाढवलं, गल्लीत सगळे म्हणाले लस संपलीय म्हणून वाढवलं.

रोग नवा होता, कळलं नाही, ते मी समजून घेतो. पण जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं राज्यसभेत सांगितलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी कळवलेलीच नाही, ते वाचून मी पेपर टाकून दिला. राज्यांनी लिहिलं नाही, केंद्रानं विचारून घेतलं नाही, आणि दोघंही सुटले. आपल्याकडं तेव्हा पंचगंगेला पूर आलेला, अर्धं गाव पाण्यात, बाकीचं कोरोनात. माझा राग इथं आहे बघ, न कळण्यावर नाही, दडवण्यावर.

पण आणखी एक आहे आणि ते सांगायला मला चार वर्षं लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पंतप्रधान लोकसभेत म्हणाले की महाराष्ट्रात काँग्रेसवाल्यांनी मजुरांना तिकिटं काढून देऊन बाहेर पाठवलं आणि त्यांच्यासोबत कोरोना गेला. तू तेव्हा मला फोन करून किती तापलेलास! मी हो हो म्हणत होतो आणि डोळ्यासमोर आपली गल्ली होती, मे २०२०, ते मुंबईहून आलेलं कुटुंब. रिपोर्ट यायचा होता, खोकला नव्हता, ताप नव्हता, पण "ह्यांनी आणला" म्हणून अख्खी गल्ली बाहेर आली आणि त्यांच्या दारासमोर बांबू आडवे बांधले. आतून त्यांची बारकी पोरगी खिडकीतनं बघत होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी दूधवाला पुढचे आठ दिवस त्यांच्याकडं गेला नाही.

आण्णांनी तेव्हा मला एवढंच विचारलं होतं, "चौकशी केलीस का आधी?" मी उत्तर दिलं नाही.

परवा त्या मुंबईहून आलेल्या कुटुंबाच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला गेलो. मावशींनी चहा दिला, आण्णांची आठवण काढली. बोलायचं ठरवून गेलो होतो, तोंडातनं शब्द फुटला नाही. तू मे महिन्यात येशील तेव्हा आपण दोघांनी जाऊया. त्या दिवशी बांबू तू धरला होतास आणि दोरी मी बांधली होती.

तुझाच,
गल्लीतला दोस्त