स्त्रीपार्टीचा इतिहास बालगंधर्वांपाशी थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी रंगभूमीवर पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिकांविषयीचा, म्हणजेच ‘स्त्रीपार्टी’विषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. बालगंधर्वांचे शालू, त्यांचे गाणे आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात केशवराव भोसले यांच्यासह रंगलेला ‘संयुक्त मानापमान’ हा नाट्यप्रयोग यांचे वर्णन सुरेख आहे. मात्र स्त्रिया रंगमंचावर आल्या आणि ही परंपरा संपली, हा लेखाचा निष्कर्ष पटण्यासारखा नाही. तमाशातला नाच्या, म्हणजे बायकी ढंगाने नाचणारा पुरुष कलावंत, लेखात कुठेच नाही आणि अनिल वासुदेवन यांच्या ‘बिन बायकांचा तमाशा’सारख्या, पुरुषांनीच लावणी सादर करण्याच्या मुंबईतील उपक्रमांचाही उल्लेख नाही. नाटकातल्या स्त्रीपार्टीला आपण पद्मभूषण दिले. नाच्याच्या वाट्याला शिट्ट्या आणि टिंगल आली.

पुरुषांच्या लावणीच्या अशा एका कार्यक्रमाआधी मला रंगपटात डोकावता आले होते. एक तरुण घोट्याभोवती कापडी पट्टी घट्ट गुंडाळून त्यावर घुंगरांचे चाळ चढवत होता. पट्टी नसली तर कातडी सोलवटते, असे त्याने नऊवारीचा काष्टा ठाकठीक करता करता सांगितले. ही कारागिरी कोणाकडून शिकलास, असे विचारल्यावर त्याने दोन नर्तकांची नावे घेतली. त्यांच्याविषयी छापील ओळ मला अजून सापडलेली नाही.

नोंद राहिली तर काय होते, हे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द कॉकेट्स’ या नाट्यमंडळीकडे पाहून कळते. १९६९च्या ३१ डिसेंबरच्या रात्री पॅलेस थिएटरात हिबिस्कस नावाच्या तरुणाच्या पुढाकाराने ही मंडळी प्रथम नाचली. दाढीत चमकी, अंगावर जुन्या बाजारातले झगे, आणि नटसंचात समलिंगी पुरुषांबरोबर स्त्रियाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा प्रयोग सपशेल आपटला (तालमीचे त्यांना वावडेच होते म्हणा!) आणि १९७२ मध्ये सारे आटोपले. हिबिस्कस १९८२ मध्ये, तर मंडळीतला गायक सिल्व्हेस्टर १९८८ मध्ये एड्सने गेला. तरीही छायाचित्रे आणि चित्रफिती जपल्या गेल्या होत्या, हयात सदस्य बोलायला तयार होते, म्हणूनच २००२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट निघू शकला. जेमतेम अडीच वर्षांच्या खेळाला एवढे आयुष्य लाभले.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळेपर्यंत मोकळेपणाने बोलणे जोखमीचेच होते. आधीच्या पिढीच्या मौनामागे हेही एक कारण असावे. अर्थात नाच्या किंवा लावणी करणारा प्रत्येक पुरुष समलिंगी अथवा तृतीयपंथी असतो, असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. ‘नाच्या’ म्हणून गाजलेल्या गणपत पाटील यांनाही अशा समजाचा जाच सोसावा लागला होता. तेव्हा स्वतःविषयी काय सांगायचे आणि काय झाकायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. कलेविषयी मात्र आपण विचारायलाच हवे.

मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने या कलावंतांच्या, त्यांच्या ढोलकीवाल्यांच्या आणि त्यांचे कपडे शिवणाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी. पुरवणीतील लेखाचा पुढचा भाग निघणार असेल, तर तो ज्येष्ठ नाच्यांच्या भेटीगाठींनी सुरू करावा.

आपला,
एक नियमित वाचक, परळ, मुंबई