आधी दुरुस्तीचा खर्च मांडा
रविवारच्या अंकातील पुनर्विकासावरील लेखात जुनी इमारत पाडणे अपरिहार्यच असल्याचे गृहीत धरले आहे. ते पटत नाही. फ्रान्समधील बोर्दो शहरातील ग्राँ पार्क वसाहतीच्या तीन इमारती साठच्या दशकातल्या, त्यांत ५३० घरे. आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांसह त्या न पाडता बाहेरून सुमारे पावणेचार मीटर खोल सज्जे जोडले. काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच राहिले. खोल्यांत उजेड आला, ऊर्जेचा वापर घटला. २०१९ मध्ये या कामाला युरोपीय संघाचा वास्तुरचनेसाठीचा मीस व्हान डर रोहे पुरस्कार मिळाला.

जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. धडधाकट सांगाडा पाडून नवा ओतायचा आणि त्याला ‘हरित इमारत’ म्हणायचे, हे मला मान्य नाही. धोकादायक इमारती उतरवाव्याच लागतील, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्याकडे गळती सुरू झाली, सज्जाच्या सळया उघड्या पडल्या की बिल्डरचा प्रस्ताव आधी येतो आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, मागाहून. मजबुतीकरणाचा खर्च सर्वसाधारण सभेपुढे लेखी ठेवल्याशिवाय सोसायटीला पुनर्विकासाचा ठराव करता येऊ नये, असा नियम राज्य सरकारने करावा.

— एक वाचक, ठाणे