गोट्याला बाहेर काढू नकोस

मुलुंड

चि. रेवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पायांचे फोटो पाहिले. गुडघ्याच्या खालीच, घोट्याभोवती एकमेकांजवळ उठलेले लाल ठिपके म्हणजे या पिसवाच. ढेकूण असते तर अंथरुणात चावले असते, हातामानेलाही सोडलं नसतं. तरी खात्री हवी असेल तर पांढरे मोजे घालून दिवाणाच्या आसपास थोडं चाल. पिसवा असतील तर मोज्यांवर उड्या मारून बसलेल्या दिसतील.

घरमालकीणबाई म्हणतात म्हणून तुझ्या मांजराला, गोट्याला, खाली सोसायटीत सोडून यायचं मात्र मनातही आणू नकोस. एकदा घरात घेतलेला जीव असा टाकायचा नसतो, हे तुला माहीत आहेच. पण व्यवहार म्हणूनही ते चूक आहे. गोट्या गेला म्हणून पिसवा जाणार नाहीत. त्यांचं हक्काचं रक्त गेलं की घरात उरतेस तूच.

आपल्याला मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम ५ टक्के धरतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोष, आणि ते सगळं घरात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटून राहत नाहीत, त्यामुळे गोट्या जिथे झोपतो, लोळतो तिथे ती सांडत जातात. अळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून त्या सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याखाली, गादीच्या कडेला शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतल्या सुकलेल्या रक्तावर वाढतात. पुढे कोष. कोषावर फवारणीचा परिणाम होत नाही. आतली पिसू महिनोन्महिने दम धरून बसते आणि माणसाच्या चालण्याची थरथर, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर येते. तू पुण्याहून परत आलीस त्याच संध्याकाळी एवढ्या का चावल्या, ते आता कळलं ना? त्यात आपली मुंबईची दमट हवा. कोरड्या हवेत अळ्या मरतात, इथे त्यांचं छान चालतं.

म्हणून काम दोन्हीकडे एकदम करायचं, मांजरावर आणि घरावर.

आधी गोट्या. आपली उवांची बारीक फणी घे, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत हलक्या हाताने फिरव. फणीत काळे बारीक कण आले की ओल्या पांढऱ्या कागदावर झटक. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती धूळ नाही, पचलेलं रक्त आहे. शेजारी भांडी घासायच्या साबणाचं पाणी ठेव आणि फणी त्यात बुडवत जा, पिसवा बुडून मरतात. नखाने चिरडत बसू नकोस.

पिसवा मारायला मानेवर टाकायचे थेंब मात्र डॉक्टरांनी वजन करून दिलेलेच. रेवा, हे नीट वाच. कुत्र्याचे थेंब मांजराला कधीही टाकायचे नाहीत, अर्धे नाहीत, एक थेंबही नाही. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीव जातो. कापूर, डांबराच्या गोळ्या, लसूण, टी ट्री तेल, हे जे जो तो सुचवतो, तेही मांजराला विषारी. आणि लादी फिनेलने पुसत असशील तर आजपासून बंद. तो त्याच लादीवर चालतो आणि मग पंजे चाटतो.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुला लांब पडेल, जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे ने. त्याच्या हिरड्या पांढुरक्या दिसतात का, हे त्यांना आवर्जून विचार. लहान पिल्लाला पिसवांनी रक्त कमी पडू शकतं. चाटताना पिसू पोटात गेली तर जंतही होतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर तेही सांग.

आता घर. चादरी, अभ्रे, त्याची गोधडी, सगळं दर आठवड्याला गरम पाण्यात धू. पावसात ऊन मिळत नाही, तर वाळल्यावर कडक इस्त्री फिरव. सोफ्याच्या फटी, दिवाणाखालचा भाग, गादीच्या शिवणी रोज व्हॅक्यूम कर आणि पिशवी लगेच बांधून बाहेर टाक. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंस तर अंडी-अळ्यांची वाढ थांबवणारं औषध, म्हणजे पायरीप्रॉक्सिफेनसारखं, त्याच्याकडे आहे का ते विचार, आणि फवारा पूर्ण वाळेपर्यंत गोट्याला दुसरीकडे ठेव.

पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसतील. तेव्हा ‘औषध लागूच पडत नाही’ म्हणून सोडून देऊ नकोस. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या असतात. डॉक्टर सांगतील तसे थेंब निदान तीन महिने चालू ठेव, दिसेनाशा झाल्या तरी.

आणि प्लेगची धास्ती बाळगू नकोस. घरमालकीणबाईंनी ते काढलं म्हणालीस. १८९६ ला मुंबईत आला तो प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरवला होता. गोट्याच्या अंगावरच्या पिसवा वेगळ्या. बाईंना हे शांतपणे सांग, आणि पेस्ट कंट्रोलचे पैसे आपण देऊ हेही सांग, म्हणजे त्यांचा आवाज खाली येईल.

खाजवू नकोस, बर्फ लाव. शनिवारी मी येतेय, दिवाण एकटीने सरकवू नकोस. गोट्याचं वजन किती भरलं ते फोन करून कळव.

तुझी,
आई