आयटीआयचा मास्तर मोझांबिकला का जाऊ नये?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात रोज परदेशी नोकरीच्या जाहिराती येतात, कतार, दुबई, क्रूझवर वेटर पाहिजेत, लंडनच्या केअर होममध्ये माणसं पाहिजेत, आणि गोव्यातली मुलं त्या वाचून जातातही. जाऊ दे, घर चालवायचंय, बहिणीचं लग्न करायचंय, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण पिढ्यान् पिढ्या बोटीवर आणि आफ्रिकेत काढलेली आमची माणसं, आणि त्यांच्यासाठी सरकारतर्फे एखाद्या गरीब देशात दोन वर्षं राहून आपलं काम तिथल्या पोरांना शिकवून परत यायची एकही कायमची योजना नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे पत्र, थोडं मोठं झालंय, जमलं तर सगळं छापा.

बाकीच्या देशांनी हे कधीच केलंय. केनेडी अध्यक्ष झाले आणि दीड महिन्याच्या आत, १ मार्च १९६१ ला, पीस कोअरचा, म्हणजे अमेरिकेचे स्वयंसेवक दुसऱ्या देशांत कामाला पाठवायच्या सरकारी योजनेचा, हुकूम निघाला, ऑगस्टमध्ये पहिली तुकडी घानात उतरलीसुद्धा. आपल्याकडेही ते लोक होते, १९६१ पासून १९७६ पर्यंत, चार हजारांच्या वर, कोणी कोंबडीपालन शिकवत होता कोणी शेती, कोणी दवाखान्यात. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर, त्यांची आई लिलियन कार्टर नर्स होती, त्या बाई वयाच्या ६८ व्या वर्षी अर्ज करून विक्रोळीला येऊन राहिल्या आणि गोदरेजच्या वसाहतीत रोग्यांची सेवा केली. अडुसष्टाव्या वर्षी! आमच्याकडे साठीला रिटायर झाला की त्याच्या हातातलं कसब पण रिटायर झालं असं सगळे धरूनच चालतात, वर्कशॉपमध्ये तीस तीस वर्षं काढलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून देवळाच्या पारावर पेपर वाचत बसतो.

जपानने १९६५ मध्ये अशीच योजना काढली, पहिले स्वयंसेवक लाओसला गेले, आणि त्या कामाला २०१६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जर्मनीची २००८ पासून आहे, ती अगदी तरुण पोरांसाठी. पण मला सगळ्यात पटतं ते कोरियाचं उदाहरण. १९६६ ते १९८१ दक्षिण कोरियात पीस कोअरची माणसं येऊन इंग्रजी शिकवत होती, टीबीच्या रोग्यांसाठी काम करत होती, म्हणजे तेव्हा तो घेणारा देश होता, आणि १९९० पासून तोच कोरिया आपली माणसं दुसरीकडे पाठवायला लागला. मध्ये दहा वर्षंसुद्धा गेली नाहीत. आपल्याकडून पीस कोअर जाऊन पन्नास वर्षं होत आली.

आता कोणी म्हणेल भारत काय कमी करतो का. करतो, १९६४ पासून आयटेक ही परदेशी लोकांना शिक्षण द्यायची भारत सरकारची योजना आहे, साधारण १६० देशांतले अधिकारी नि तंत्रज्ञ आपल्याकडे येऊन शिकून जातात, राजस्थानात तिलोनियाला आफ्रिकेतल्या खेड्यातल्या, शाळेत न गेलेल्या बायका येऊन सोलर दिवे जोडायला शिकल्या, याचा मला अभिमान आहे. आयटेकमधून आपले तज्ज्ञही बाहेर जातात. पण तज्ज्ञ म्हणजे मोठ्या हुद्द्याचा माणूस. साधी नर्स, फिटर, वायरमन, हायस्कूलचा गणिताचा मास्तर यांनी आपणहून अर्ज करावा, निवड व्हावी, भाषा शिकावी आणि तिथल्या एखाद्या तालुक्याच्या गावी जाऊन दोन वर्षं राहावं, असं काही त्यात नाही. आणि खरी गरज तर तिथेच असते हो. मंत्रालयात अहवाल देणारे पुष्कळ असतात, बंद पडलेला जनरेटर उघडून पोरांना दाखवणारा मिळत नाही.

हे गोव्यातून सुरू व्हावं असं मी का म्हणतो, तर मोझांबिक, अंगोला, गिनी बिसाऊ, केप व्हर्दे, साओ तोमे, पूर्व तिमोर, इथे सगळीकडे पोर्तुगीज ही सरकारी भाषा आहे. भारतात पोर्तुगीज अजून जिथे शिकवतात त्यात आमचं गोवा आहे, विद्यापीठात विभाग आहे, काही शाळांत मुलं घेतात तो विषय. लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलात, शिकलेली पिढी आता संपत आली पण घरात दोन शब्द कानावर पडलेली पुष्कळ आहेत अजून. या सगळ्या भाषेचा आज उपयोग काय, तर पोर्तुगीज पासपोर्टसाठी जुने कागद वाचणे. पीस कोअरवाले जाण्याआधी तीन महिने गावातल्या कुटुंबात राहून भाषा शिकतात, त्यातलं निम्मं काम आमचं आधीच झालेलं आहे.

आणि नातं जुनं आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा निघाली, आज जी बांबोळीला जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे तिचं मूळ, तिथे शिकलेले गोंयकार डॉक्टर मोझांबिक आणि अंगोलात जाऊन राहिले, अर्थात ते पोर्तुगीज साम्राज्याच्या नोकरीत होते, ते काही मी सेवा म्हणून मिरवत नाही. पण बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा, ते मोझांबिकच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले, १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर तिथले पहिले अध्यक्ष समोरा माशेल यांचे सल्लागार होते आणि १९८६ मध्ये त्यांच्याबरोबरच विमान अपघातात गेले. आमच्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? एकाही वर्गात मला होकार मिळालेला नाही.

काजूचं तर बोलायलाच हवं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काजू पिकवण्यात मोझांबिक जगात पुढे होता. मग यादवी झाली १९९२ पर्यंत, आणि शांतता आल्यावर जागतिक बँकेने अट घातली की कच्च्या बियांच्या निर्यातीवरचा कर कमी करा, त्याने तिथल्या कारखान्यांना टाळं लागलं, हजारो कामगार, त्यात बायका भरपूर, घरी बसले आणि कच्चा काजू जहाजात भरून कुठे गेला तर भारतात. आजही गोव्यातले कारखाने आफ्रिकेतून बिया आणतात कारण आमच्या डोंगरावरचं पीक वर्षभर पुरत नाही. म्हणजे आमच्या बायकांना जे काम मिळालं त्यातलं काही तिथल्या बायकांच्या हातचं गेलेलं आहे. यात आमच्या कामगारांचा काय दोष, काहीच नाही, पण देणं आहे असं मला वाटतं. बी उकडायची किती, टरफल फोडताना गर अख्खा कसा राहील, टरफलातल्या तेलाने हात भाजतात ते कसे सांभाळायचे, दोनशेचाळीस आणि तीनशेवीस नंबरचा, म्हणजे मोठा आणि त्याहून लहान, गर नुसत्या नजरेने वेगळा कसा काढायचा, हे डिचोली सत्तरीतल्या बायकांएवढं कोणाला येतं? त्यांच्यातल्या चारपाच जणी दुभाषी बरोबर घेऊन एक वर्ष तिथल्या सहकारी संस्थेत राहिल्या तर केवढं काम होईल! कॉलेजची डिग्री पाहिजे ही अट म्हणूनच या योजनेत अजिबात नको.

२०१९ च्या मार्चमध्ये इदाई वादळाने मोझांबिकचं बैरा शहर बुडालं तेव्हा पहिल्यांदा मदतीला पोचली ती आपलीच जहाजं, नौदलाची सुजाता, शार्दूल आणि तटरक्षक दलाचं सारथी. आपल्या खलाशांनी पाण्यातून माणसं काढली, औषधं दिली. ते वाचून छाती भरून आली होती. पण जहाजं परत आली, ती येणारच, आणि मग घरांना पत्रे बसवायचे, शाळेचं वायरिंग करायचं, पंप दुरुस्त करायचे हे काम वर्षानुवर्षं चालतं, त्यासाठी आमच्याकडून कोणी राहिलं नाही.

विरोधात जे बोललं जातं ते मी ऐकलंय. काणकोणच्या शाळेत शिक्षक कमी आणि हे निघाले आफ्रिकेला. खरं आहे, पण मी हजार माणसं पाठवा म्हणत नाही, सुरुवातीला वीसपंचवीस पाठवा, त्यात निम्मे रिटायर झालेले घ्या, आणि गेलेला माणूस दोन वर्षांनी परत येतो, आखातात गेला तर वीस वर्षं येत नाही. दुसरी टीका जास्त खरी आहे, की श्रीमंत देशांतली कोवळी पोरं हातात काहीही कसब नसताना जातात, फोटो काढतात आणि तिथल्या गवंड्याचा रोजगार बुडवून वेडीवाकडी भिंत बांधून येतात. ते आपल्याला नकोच. त्या देशाने मागितलं तरच जायचं, निदान पाच वर्षं स्वतःच्या धंद्यात काम केलेलाच माणूस पाठवायचा, आणि त्याच्याबरोबर तिथलाच एक माणूस जोडीला असला पाहिजे जो नंतर ते काम पुढे चालवील. मोझांबिकच्या उत्तरेला काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून दहशतवाद आहे, तिथे कोणालाच पाठवू नये, दक्षिणेत मापुतो इन्यांबानेकडे सुरुवात करावी.

पैशाचं म्हणाल तर पीस कोअरमध्ये पगार नसतो, तिथल्या माणसासारखं राहता येईल एवढा भत्ता, विमान, औषधोपचार आणि परत आल्यावर घडी बसवायला थोडी रक्कम. आमच्याकडे मात्र एक गोष्ट जास्त लागेल, ती म्हणजे नोकरीची हमी. सरकारी नर्स किंवा मास्तर दोन वर्षं गेला तर त्याची सिनिऑरिटी, इन्क्रिमेंट, पेन्शन यातलं काही तुटता कामा नये, आदेशात स्पष्ट लिहा, नाहीतर खात्यातला क्लार्क फाईल अडवून ठेवणार आणि चांगला माणूस जाणारच नाही. जपानमध्ये शिक्षकांना नोकरीत राहूनच जाता येतं, आपल्याला का जमू नये.

अजून एक, ते लिहिताना जड जातं. आमच्याकडे आफ्रिकन माणूस दिसला की पहिला शब्द ड्रग्स येतो. २०१३ मध्ये पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, पर्वरीला हायवे अडवला गेला, आणि त्यानंतर त्या लोकांबद्दल जे जे बोललं गेलं, घर भाड्याने देऊ नका इथपर्यंत, ते आठवलं की मला लाज वाटते. त्याच गोव्याने दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१४ मध्ये, लुसोफोनिया गेम्स या पोर्तुगीज भाषिक देशांच्या स्पर्धेसाठी मोझांबिक अंगोलाच्या खेळाडूंना हार घातले. मापुतोच्या एखाद्या कुटुंबात दोन वर्षं जेवून आलेला शिक्षक फोंड्याच्या वर्गात उभा राहिला तर ती मुलं आफ्रिकन माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतील एवढं मला नक्की वाटतं. पीस कोअरच्या कायद्यातसुद्धा हे उद्दिष्ट लिहिलेलं आहे, की आपल्या लोकांना दुसऱ्यांची ओळख व्हावी.

माझी मागणी साधी आहे. लोकसभेतले दोन आणि राज्यसभेतले एक असे गोव्याचे तीन खासदार आहेत, त्यांच्यातल्या एकाने तरी येत्या अधिवेशनात परराष्ट्र मंत्रालयाला लेखी प्रश्न टाकावा की अशी योजना का नाही आणि गोव्यातून सुरुवात करता येईल का. आणि राज्य सरकारने तोवर आयटीआय, जीएमसी, शिक्षण खातं इथे कोण कोण जायला तयार आहे त्याची यादी करायला घ्यावी, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. स्वयंपूर्ण मित्र, म्हणजे गावागावांत नेमलेले सरकारी अधिकारी, जसे शनिवारी पंचायतीत जातात तसे त्यांनीच गावातल्या रिटायर कारागिरांची नावं विचारून घ्यावीत. मी वेल्डिंग आणि शीट मेटल शिकवू शकतो, तब्येत ठीक आहे, पोर्तुगीज मोडकंतोडकं येतं. माझं नाव त्या यादीत घालावं.

आपला,
एक निवृत्त आयटीआय शिक्षक, फोंडा, गोवा