पुढील पानावर

निगडी, पुणे
१८ जानेवारी २०२६

ती. आई आणि ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

तिळगुळाचा डबा संक्रांतीच्या आदल्या दिवशी पोचला. अण्णा, त्याच दिवशी तुमचे पंचवीस हजारही माझ्या खात्यात आले. डब्याबद्दल फोनवर बोललो, पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुम्ही फोनवर ‘बरं, ठेवतो’ म्हणून मोकळे होता आणि मला तुमच्यासमोर पैशाचं बोलायचं म्हटलं की अजूनही घसा कोरडा पडतो. म्हणून आज रविवारी सगळे झोपलेत तोवर लिहायला बसलोय.

तुम्हाला कुणी सांगितलं ते विचारत नाही. ऐकलंत ते खरं आहे. मागच्या फेब्रुवारीत कंपनीतली आमची लाइन बंद झाली. दीड महिना घरी होतो. १ एप्रिलपासून दुसरीकडे लागलो, पण निम्म्या पगारावर. बावन्न मिळत होते, आता सव्वीस. सुजाताला बालवाडीचे नऊ हजार मिळतात. पाडव्याला आलो होतो तेव्हा सांगायचं ठरवूनच आलो होतो. आई, तू श्रीखंड वाढताना म्हणालीस, ‘यंदा तोंडावर तेज नाही बाबा तुझ्या,’ आणि मी म्हणालो, ‘ऊन बाधलंय.’ त्यानंतर दहा महिने ते ऊनच चाललंय.

तर आता घरात येतात महिन्याला पस्तीस, म्हणजे वर्षाला ४,२०,०००. वर्षाला असं मुद्दाम लिहितोय. पहिले पंधरा दिवस मी महिन्याचाच हिशेब मांडत होतो आणि तो काही केल्या बसत नव्हता. मोबाइलवर बचतीचे धडे देणारे लोक पगाराचे पन्नास, तीस, वीस टक्के असे भाग करा म्हणतात. आमचे चाळीस टक्के फ्लॅटच्या हप्त्यातच जातात. उरलेल्यातून महिना कसाबसा निभावायचा, तोवर जूनमध्ये शाळेची फी, मग विम्याचा हप्ता, मग घरपट्टी. दर वेळी वाटायचं, हा खर्च आला कुठून? आला कुठून काय, दरवर्षी त्याच तारखेला येतो.

मग तुमची लाल कापडी वही आठवली, अण्णा. तुम्ही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी होता. कारखान्याची मोळी पडून गाळप सुरू झालं की पुरा पगार, हंगाम संपला की नुसतं रिटेन्शन, म्हणजे कारखाना बंद असतानाचा कमी पगार. त्यामुळे आपल्या घरात महिना नव्हताच कधी, वर्षच होतं. मार्चच्या आत गहू, ज्वारी, मिरची, मुलांच्या वह्या, सगळं त्या वहीच्या पहिल्या पानावर. रोजचा खर्च दुसऱ्या पानापासून पुढे. आधी वर्षाचं बाजूला काढायचं, उरलं त्याला बाराने भागायचं. लहानपणी मला ती वही म्हणजे तुमचा चिक्कूपणा वाटायचा. भोंगा बंद झाला की दुसऱ्या दिवसापासून चहा पातळ व्हायचा, आणि आई म्हणायची, ‘चहाला बी रिटेन्शन लागलं.’

तसंच मांडलं. फ्लॅटचे हप्ते १,६५,६००. दोन्ही मुलांची शाळा ४२,०००, सोसायटीचे १८,०००, विमा आणि घरपट्टी मिळून २१,०००. हे वगळून उरतात १,७३,४००, म्हणजे महिन्याला साडेचौदा हजारांच्याही थोडे आतच. त्यात चार माणसांचं खाणं, दूध, गॅस, लाइट, पेट्रोल, औषधपाणी, लग्नाकार्याची पाकिटं. आकडा बघून सुजाता दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘निदान आकडा तरी कळला.’

वर्षाने मोजायला लागल्यापासून डोळे उघडलेत खरे. रोज एक लिटर दूध, साठ रुपये, त्यात काय मोठंसं? वर्षाचे २१,९००. कंपनीच्या दारातला चहा पंधरा रुपयांचा, दिवसातून दोनदा, सव्वीस दिवस; वर्षाचे ९,३६०. तो बंद करून आता थर्मास नेतो. कंपनीतली पोरं हसतात, पण त्यातल्या चौघांनी आपापले थर्मास आणायला सुरुवात केलीय. आणि अण्णा, हे तुम्हाला आवडेल: मोबाइलचं रिचार्ज महिन्याचं म्हणून विकतात आणि देतात अठ्ठावीस दिवस. वर्षात बारा नाही, तेरा वेळा पैसे भरायचे. काट्यावर असताना मापात पाप करणाऱ्या किती जणांना तुम्ही परत पाठवलं असेल, त्यांनाही हे सुचलं नसतं. आता चौऱ्याऐंशी दिवसांचं एकदम भरतो.

लाइटचं तर घरात खूळच झालंय. शंभर युनिटच्या पुढे गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटला जवळजवळ दुप्पट दर लागतो. चिकू दर रविवारी मीटर वाचून फ्रिजवरच्या कागदावर लिहितो. ऑक्टोबरच्या उकाड्यात एकशे सदतीस झाले तेव्हा त्याने तो आकडा लाल पेनाने लिहिला आणि शेजारी ‘बाबांचा पंखा’ अशी नोंद केली. चौथीत आहे. तुमच्यावर गेलाय.

आता गव्हाचं. आई, जुलैत मी तुला फोन करून विचारलं होतं, ‘आमच्या शेजाऱ्यांच्या गव्हाला टोके लागलेत, काय करायचं?’ तो शेजारी मीच.

दीड क्विंटल लोकवन आणला होता मार्केट यार्डातून. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून दोन दिवसांसाठी मिळाली. पहिल्या दिवशी छान वाळला. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं, वळवाचे टपोरे थेंब पडायला लागले, आणि मी तापलेला गहू तसाच भराभरा गोळा करून कोठीत ओतला. वर कडुनिंबाचा पाला, तोही खालच्या झाडाचा ताजा तोडून. झाकण घट्ट लावलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखा खाली आलो. जुलैत कोठी उघडली तर आतून कोंदट, उबट वास आला. गव्हात हात घातला तर गहू हातात चालायला लागला.

तू फोनवर म्हणालीस, ‘शेजाऱ्याला म्हणावं, गरम धान्य कधी झाकत नसतात, त्याला घाम फुटतो. रात्रभर निवू द्यायचं. आणि पाला सावलीत वाळवून घालायचा, ओला घालून काय भाजी करायचीय?’ मी ‘सांगतो’ म्हणालो. पुढचे तीन रविवार आम्ही चौघं बाल्कनीत चाळण्या घेऊन बसलो होतो. ओवीच्या चाळणीत टोके, चिकूच्या चाळणीत टोके, चिकू मोजतोय, सुजाता त्याला मोजू नको म्हणून ओरडतेय. वीसेक किलो गहू गेला. कबुतरांचं मात्र वर्ष चांगलं गेलं. तुला ठाऊक होतं ना, शेजारी कोण ते? तुझं हसू फोनमधून ऐकू येत होतं.

हे सगळं निभतंय, म्हणून तर सांगतोय. नऊ महिने झाले, अजून कुणाकडून हातउसने घेतले नाहीत. जे निभत नव्हतं ते वेगळंच निघालं.

नोव्हेंबरमध्ये ओवीच्या दप्तरात, कंपासपेटीखाली, चौघडी घातलेला एक कागद सापडला. शाळेची सहल रायगडला, साडेआठशे रुपये, पालकांची सही हवी. तारीख उलटून गेली होती. विचारलं तर म्हणाली, ‘मला गाडी लागते बाबा.’ तिला गाडी लागत नाही. गावाला येताना खंबाटकीच्या वळणांवरसुद्धा ती पुस्तक वाचते.

अण्णा, मला सातवीतली सहल आठवली. पन्हाळा. त्या दिवशी माझं पोट दुखत होतं आणि आईने ओवा-गरम पाणी दिलं होतं. माझं पोट दुखत नव्हतं. आदल्या रात्री मी तुमची वही चोरून बघितली होती. हे आज तीस वर्षांनी सांगतोय. तुम्ही नेहमी म्हणता, ‘पोरांना काही कमी पडू दिलं नाही,’ तेव्हा मी मान डोलावतो. कमी पडू दिलं नाहीत हे खरंच आहे. पण कमी पडतंय हे आम्हाला कळत होतं. तुम्ही बोलत नव्हता, मग आम्हीही बोलत नव्हतो, आणि अख्खं घर एकमेकांची पोटं दुखवून घेत होतं.

त्या रात्री मी आमची वही सगळ्यांसमोर उघडली. आता ती टीव्हीखाली असते, कुणीही बघावी. त्यात एक नवी ओळ घातलीय, ‘मुलांची हौस, वर्षाला ६,०००’. हे पैसे कुठल्याही अडचणीला वळवायचे नाहीत असं ठरलंय. ते कसे खर्चायचे ते ती दोघं ठरवतात. डिसेंबरात ओवीने त्यातून रंगाची पेटी घेतली आणि चिकूने भांडून भांडून भेळ.

आता तुमच्या वहीचं. रागावू नका.

गणपतीत आलो होतो तेव्हा पद्धत नीट बघून घ्यावी म्हणून कपाटातली तुमची वही काढली. तुम्ही आरतीला देवळात होता. पेन्शन महिना २,३४०. पीएफच्या सहा लाखांचं पोस्टातल्या ज्येष्ठांच्या योजनेचं व्याज दर तीन महिन्यांनी १२,३००. वर्षाची जमा ७७,२८०. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, काट्याच्या पावतीवरचं. आणि खर्चाच्या बाजूला, शेवटून तिसऱ्या ओळीला: ‘चष्मा (दोघांचे) ३,६००, पुढील पानावर.’ मागचं वर्ष काढलं. तिथेही चष्मा, पुढील पानावर. त्याच्या मागच्या वर्षीही.

मग माझ्या लक्षात आलं, सकाळी नऊपर्यंत तुम्ही पेपर वाचता आणि नऊनंतर आई तांदूळ निवडायला बसते, ते काही तब्येतीचं वेळापत्रक नाही. घरात चष्मा एकच आहे. डाव्या काडीला दोरा बांधलेला.

आणि वर्षाला सत्त्याहत्तर हजारांवर राहणाऱ्या माणसाने मला पंचवीस हजार पाठवले. जवळजवळ तिसरा हिस्सा, दोन तिमाहींच्या व्याजाहून जास्त. तुम्ही कुठून काढलेत, काय राहिलं, मला विचारायचंही धाडस होत नाही.

म्हणून त्यातले २१,४०० उद्या तुमच्या खात्यात परत पाठवतोय. मानापमानाचं काही मनात आणू नका. वेळ आली तर मी स्वतः मागेन. हे पत्र लिहिल्यावर आता मागायलाही जड जाणार नाही. उरलेले ३,६०० माझ्याकडे ठेवलेत. ते तुमचेच आहेत, मी फक्त पुढील पानावरून या पानावर आणलेत.

शनिवारी २४ तारखेला पहाटेच्या गाडीने निघतो, दहाच्या सुमाराला पेठ नाक्यावर उतरेन. सोमवारी २६ जानेवारीची सुट्टी आहे, तेव्हा दोन दिवस हातात आहेत. शनिवारीच दुपारी दोघांनी इस्लामपुरात डोळे तपासून घ्यायचे. आधी डोळे, मग फ्रेम. अण्णा, तुम्ही थेट दुकानात जाऊन नंबर अंदाजाने घ्याल म्हणून सांगतोय. मोतीबिंदू निघालाच तर घाबरायचं कारण नाही. सत्तरीवरच्यांना आता उत्पन्न न बघता आयुष्मानचं कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. तुमचं बहात्तर पूर्ण झालंय. आधार कार्ड काढून ठेवा, कार्डाचं मी आल्यावर बघतो.

मुलं उठली. चिकू मीटर बघायला निघालाय.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, कांदा-लसूण मसाल्याची बरणी तळाला गेलीय, रिकामी घेऊन येतो. आणि यंदाचा गहू मी एकट्याने वाळवणार नाही. एप्रिलअखेर तुम्ही दोघं आठ दिवस इकडे या. एसटीत तुला बाई म्हणून अर्धं तिकीट, अण्णांना ज्येष्ठ म्हणून अर्धं. दोघांत मिळून एकच तिकीट पडतं, अण्णांना हिशेब पटेल. गच्चीची किल्ली मी आत्ताच सांगून ठेवलीय, तीन दिवसांसाठी.