टॅकोमीटर आधी टेबलावर घे

पुणे

प्रिय सुन्या,

गाडीच्या टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या मीटरची, सुई 2000 च्या वर थरथरते म्हणून तू दुसरा विकत घ्यायला निघालास, हे वाचून राहवलं नाही. थांब जरा. गाडीत बसलेल्या मीटरला दोष देणं म्हणजे साक्षीदारालाच फासावर चढवणं. पॉइंट्स (स्पार्कसाठी करंट तोडणारे संपर्क), त्यांच्यासोबतचा कंडेन्सर, सैल अर्थ, यांपैकी काहीही बिघडलं तरी सुई नाचणारच. मीटर काढ आणि टेबलावर घे. तिथे खरा आकडा आपल्याला आधीच माहीत असतो.

तुझी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1965 ची, म्हणजे मीटर स्मिथ्स कंपनीचा आरव्हीआय जातीचा असणार; डायलवर बारीक अक्षरांत बघ. त्याच्या पाठीवर लोखंडी गाभ्यातून एक पांढरी तार वळसा घेऊन स्पार्कसाठी उच्च व्होल्टेज बनवणाऱ्या कॉइलकडे जाते. त्या तारेतल्या करंटचे झटके हा मीटर मोजतो. काढण्याआधी वळशाचा फोटो घेऊन ठेव, वेढे तितकेच आणि त्याच दिशेने परत यायला हवेत. आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, विसरू नकोस! टेबलावरही बॅटरीचा प्लस मीटरच्या बॉडीला आणि मायनस पुरवठ्याच्या टर्मिनलला. उलटं जोडलंस तर आतला ट्रान्झिस्टर गेलाच म्हणून समज.

टेबलावर तसेच झटके बनवायला 555 आयसी (ठरावीक वेगाने झटके देणारी चिप) आणि करंट चालू-बंद करणारा एक मॉसफेट पुरे. भार म्हणून ब्रेकलाइटचे 21 वॉटचे दोन बल्ब समांतर लाव, साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट जाईल. हे सर्किट गाभ्यातल्या वळशातून ने, मध्ये फ्यूज घाल. वळशाचा मीटरच्या आतल्या भागाशी तारेने संबंध नसतो, चुंबकत्वानेच काय तो. सुई हललीच नाही तर वळशाची टोकं अदलाबदल करून बघ.

हिशोब सोपा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्पार्क. म्हणजे 100 हर्ट्झला 3000, 200 हर्ट्झला 6000, आणि 1000 साठी साधारण 33. मल्टिमीटरच्या हर्ट्झवर विश्वास ठेवण्याआधी तो छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला लावून बघ. मेन्स इथेही 50 हर्ट्झ, तिथे बर्मिंगहॅमलाही 50. याहून स्वस्त मापदंड कुठे मिळणार?

सगळीकडे सारख्याच प्रमाणात कमी दाखवला तर दोष कॅलिब्रेशनचा, मागच्या प्रीसेटवर (स्क्रूने फिरवायच्या रेझिस्टरवर) 3000 ला जुळव. खालच्या टोकाला थोडा चुकला तर माझ्या मते सोडून दे, ड्रायव्हरला त्याचं काही पडलेलं नसतं. 12 व्होल्टवरून 14 वर नेल्यावर सुई सरकली तर मात्र आतलं व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट तपासावं लागेल.

टेबलावर सुई स्थिर राहिली तर मीटर निर्दोष. मग पॉइंट्स आणि कंडेन्सर बदल. मागच्या मालकाने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय का, तेही बघ. आरव्हीआयला त्याचे झटके बरेचदा पचत नाहीत.

1000, 3000 आणि 6000 ला काय दाखवतोय ते लिहून पाठव. तोवर पैसे खिशातच ठेव.

तुझा,
विनू